एक अनोळखी गिऱ्हाईक हवं

डेन्मार्कची एक मुलगी आमच्या घरी अडीच महिने राहून गेली आणि माझ्या आईमुळे नापास झाली. आईला हे मान्य नाही. तिच्या मते मुलगी पास झाली आणि कॉलेज नापास झालं. यावरून आमच्या घरात अजूनही भांडण होतं, म्हणून काय झालं ते एकदाचं लिहूनच काढते.

मी मुरबाडच्या एका लहानशा संस्थेत कामाला आहे. परदेशातल्या कॉलेजांमधली मुलं तिथे एखादं सत्र शिकायला येतात. त्यांचं जेवणखाण, अंथरूण-पांघरूण, पोटदुखी आणि कागदपत्रं हे माझं खातं. ही मुलगी हस्तकलेचं शिक्षण घेत होती आणि तिला बांबूकाम शिकायचं होतं. आमच्या गावाच्या वर, डोंगराला लागून जो पाडा आहे, तिथली एक बाई सुपं-टोपल्या विणते, तिला सगळे मावशीच म्हणतात. तिच्या हाताची सफाई दुसऱ्या कुणाच्या हाताला नाही. म्हणून साहेबांनी मुलीला परस्पर आमच्या घरी राहायला पाठवलं. मला विचारलं नाही. आईला विचारलं होतं म्हणे.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड यांच्या मधोमध आहे. एसटी दोन्हीकडून येते, म्हणजे दोन्हीकडून उशिरा येते. मुलगी पाठीवर भलीमोठी बॅग घेऊन उतरली तेव्हा आई ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती. आईनं सूप खाली ठेवलं, तिच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि मला म्हणाली, "तिला इचार, तिच्या आयशीचं म्हायार कुठलं?"

मी इंग्रजीत विचारलं. मुलीला वाटलं ही सरकारी चौकशी आहे. तिनं पासपोर्ट काढून आईच्या हातात दिला. मी समजावून सांगितल्यावर ती हसली आणि म्हणाली, आईचं गाव समुद्राकाठी आहे, आजोबा मासे धरायचे.

"म्हंजे कोकनातलीच की," आई म्हणाली आणि ताट वाढायला उठली.

आईचा हा स्वभाव इथेच सांगून टाकते. खरं तर तो तिच्या एकटीचा नाही, आमच्या सगळ्या भागाचाच आहे, पण तिच्यात जरा जास्त उतरलाय. माणूस दिसलं की गाव विचारायचं. बाई असली तर माहेरही विचारायचं. मग त्या गावात आपली कोण दिलीय, तिथली आपल्याकडे कोण आलीय, हे दोघींनी मिळून उकरून काढायचं. शहापूर-मुरबाडात नातं निघत नाही असं होत नाही, फक्त वेळ लागतो. आईला वेळही लागत नाही. एसटीच्या कंडक्टरकडून सुटे पैसे परत मिळायच्या आत तो तिच्या कुणाचा तरी भाचेजावई निघालेला मी स्वतः बघितलाय. आणि एकदा नातं निघालं की मग त्या माणसाकडून पैसे घ्यायचे नाहीत. भाजी असो, अंडी असोत, देऊन टाकायची. पुढेमागे तेही काहीतरी देऊन टाकतात.

मुलगी रोज सकाळी पाड्यावर जायची. मावशीची शिकवण्याची रीत अशी, की बोलायचं नाही. चुकलेलं उसवायचं आणि बांबूच्या कामट्या परत हातात द्यायच्या. पहिल्या महिन्यात मुलीच्या बोटांना जागोजागी चिकटपट्ट्या होत्या आणि सूप एकही नव्हतं. मग हळूहळू तीन सुपं झाली. पहिलं एका अंगाला इतकं कललेलं, की त्यात ठेवलेला तांदूळ आपणहून बाहेर पडायचा. दुसरं जरा सरळ होतं. तिसरं मावशीनं हातात घेतलं, फिरवून बघितलं आणि न उसवता खाली ठेवलं. त्या दिवशी मुलगी घरी आली ती अंगणातून ओरडतच आली.

तिच्याबरोबर आमची मराठीही जायची पाड्यावर, आणि मावशीच्या घरची बोली खाली यायची. अडीच महिन्यांत ती मुलगी जे बोलायला लागली ते कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. "मी नाय खात गो, पोट भरलाय," हे तिनं आमच्या साहेबांना इंग्रजी बैठकीत सांगितलं.

आता परीक्षेचं. तिच्या कॉलेजनं एक कागद दिला होता. विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं केलेली निदान एक वस्तू तिथल्या हस्तकला प्रदर्शनात एका अनोळखी माणसाला विकायची. गिऱ्हाइकाचं विद्यार्थ्याशी किंवा तो राहतो त्या घराशी कसलंही नातं नसावं. फुकट दिलेली वस्तू धरली जाणार नाही. गिऱ्हाइकानं वस्तू का घेतली ते लिहून घ्यायचं, सही घ्यायची आणि खाली स्थानिक मार्गदर्शक म्हणून माझी सही. हे झालं नाही तर ते सत्र धरणार नाहीत आणि तिचे सहा महिने वाया जातील. तिच्या घरची माणसं काही श्रीमंत नव्हती. तिनं एक वर्ष बेकरीत पहाटे उठून काम केलं होतं तेव्हा कुठे हे सत्र तिला जमलं होतं. त्यामुळे त्या कागदाची मला तिच्यापेक्षा जास्त धास्ती होती.

शहापूरला बचत गटांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. तिचं विमान चार दिवसांनी होतं, म्हणजे हा एकच दिवस हातात होता. मावशीच्या गटाला मांडवात एक टेबल मिळालं होतं. मी, मुलगी आणि मावशी अशा तिघीच जाणार होतो. सकाळी एसटीत चढते तर आई पुढच्या सीटवर आधीच बसलेली. नवी साडी, डोक्यात अबोली.

"पोरीचं पयलं दुकान हाय," ती म्हणाली. "मी घरात बसून काय करू?"

मांडवात लाल गालिचा होता, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि प्रमुख पाहुणे थोड्याच वेळात येत असल्याचं सांगणारा लाउडस्पीकर होता. पाहुणे सकाळपासून थोड्याच वेळात येत होते. मुलगी मात्र हरखून गेली. गोधड्या, मातीचे तवे, इरली, गवताच्या केरसुण्या, सगळीकडे ती हात लावत फिरली. तिच्या गावीही असे मेळे भरतात, पण तिथे लोक वस्तूंना बोटाच्या टोकानं शिवतात, असं ती म्हणाली. इथे दोन बायका एका गोधडीची दोन टोकं धरून ताकदीनं ओढत होत्या. विकणारी बाई "आनखी ओढा, आनखी ओढा," म्हणून त्यांना चेव आणत होती. मुलीनं ती गोधडी विकत घेतली.

आम्ही तिन्ही सुपं टेबलावर मांडली. मी आईला बाजूला घेतलं, कागदावरची अट मराठीत वाचून दाखवली आणि सांगितलं, "नात्यातलं गिऱ्हाईक चालणार नाही."

"कळलं गो. मी काय खुळी हाय?"

अर्ध्या तासात एक बाई आली. तिनं पहिलं, कललेलं सूप उचललं, बघितलं आणि पर्स उघडली. मुलीच्या हातात कागद तयार होता. आईच्या तोंडून शब्द निघून गेले.

"कुठलं गाव गो?"

"टोकावड्याच्या पुढं."

"आनि म्हायार?"

मी आईच्या पायावर पाय दिला. उपयोग झाला नाही.

"सरळगावच्या बाजूला," बाई म्हणाली.

"तिकडं माझ्या मामेबहिनीची ननंद दिलीय. घराम्होरं चिंच हाय बघ मोठी."

बाईनं पर्स बंद केली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. "चिंचंवाल्यांकडं? ती तर माझी काकी!"

मग दोघींनी एकमेकींचे हात धरले. काकीचे गुडघे, काकीच्या नातवाचं लग्न, चिंचेची फांदी पडली ते, सगळं झालं. बाई पैसे द्यायला लागली तेव्हा आईनं तिची पर्स हातानं दाबून धरली. रिकामं सूप देऊ नये म्हणून शेजारच्या टेबलावरून मूठभर तांदूळ मागून आणला, सुपात टाकला आणि सूप बाईच्या काखेत दिलं. मुलगी कागद धरून तशीच उभी होती.

"आई!" मी ओरडले. "अनोळखी पाहिजे होती!"

"अनोळखीच व्हती की. मी वळख काढली म्हनून काय झालं?"

"मग पैसे तरी घ्यायचे!"

"नात्यात?" आईचा चेहरा असा झाला, की शेजारची पापडवाली बाईसुद्धा माझ्याकडे वाईट नजरेनं बघायला लागली.

मी आईला चहाच्या टपरीकडे पाठवून दिलं. प्रमुख पाहुणे येईपर्यंत परत यायचं नाही असं बजावलं, म्हणजे संध्याकाळपर्यंतची निश्चिंती. आणि नशिबानं तेवढ्यात हायवेवरून एक मुंबईची बाई आली. काळा चष्मा, पांढरे बूट. ती मुलीशी इंग्रजीत बोलली. तिला सूप दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायचं होतं. मावशीनं हे मला दोनदा विचारून घेतलं आणि मग कामटी सोलता सोलता नुसतीच हसली. मला भिंतीशी काही देणंघेणं नव्हतं. बाई शहापूरची नव्हती, मुरबाडची नव्हती, तिचं माहेर दिल्लीला होतं. हे मी विचारलं नाही, तिनंच सांगितलं. मला आनंदानं घाम फुटला.

बाईनं मोबाइल काढला तर रेंज नाही. ती म्हणाली, गाडीत रोख पैसे आहेत, ड्रायव्हर घेऊन येईल. मी मांडवातल्या एका पोराला ड्रायव्हरकडे पिटाळलं आणि आम्ही थांबलो. ड्रायव्हर आला. त्याच्याबरोबर माझी आई आली. दोघं हसत-बोलत येत होते आणि ड्रायव्हरच्या हातात आईनं घेऊन दिलेली भज्यांची पुडी होती.

"वळखलंस का?" आई मला म्हणाली. "आपल्या गावच्या पोलीस पाटलांचा धाकला जावय! टपरीवर भेटला." मग जावयाकडे वळून, "ह्या तुमच्या शेठानी का?"

मी डोळे मिटले. पुढचं मला बघायचं नव्हतं, पण ऐकू येत होतं. जावयाची शेठाणी म्हणजे आपल्या दारची पाहुणी. तिला खुर्ची आली, चहा आला, बोरं आली. बाई पाकीट उघडून बसली होती आणि आई ते मिटत होती. "जावयाच्या मानसाकडनं पैशे घेतलं तर गावात तोंड कुठं दाखवू?" ड्रायव्हरनं हे मालकिणीला हिंदीत समजावून सांगितलं. बाई आधी गोंधळली, मग तिनं चष्मा काढला आणि आईच्या पाया पडली. मांडवात शिरताना तिला इथे कुणी नव्हतं, निघताना एक माहेर झालं होतं. दुसरं सूपही गेलं.

मी मुलीकडे बघितलं. तिनं रडायला हवं होतं. ती बोरं खात होती.

आता उरलं होतं एक सूप, तिसरं, मावशीनं न उसवलेलं. मी आईला टेबलामागे माझ्या डोळ्यांसमोर बसवलं आणि माझ्या गळ्याची शपथ घातली. ती पदराचा बोळा तोंडात धरून बसली. ती खरंच घाबरली होती, कारण सहा महिने म्हणजे काय ते मी तिला बेकरीसकट सांगितलं होतं. "पाटं उठून पाव भाजायची पोर?" एवढंच ती म्हणाली आणि पदर आणखी आत कोंबला. दुपार टळली. गिऱ्हाइकं यायची, गोऱ्या मुलीबरोबर फोटो काढायची, सूप छान आहे म्हणायची आणि पुढे जायची. पाहुणे येऊन भाषण करून गेले. मांडववाल्यांनी मागच्या खुर्च्या एकात एक घालायला सुरुवात केली.

तेव्हा एक म्हातारी आली. अंगानं काटक, पायात काही नाही. तिनं कुणाकडे बघितलं नाही, सूप उचललं. काठावर टिचकी मारली. उजेडासमोर धरलं. मग पापडवाल्या बाईकडची मूठभर नाचणी न विचारता घेतली आणि उभ्या उभ्या चार हात पाखडून बघितलं. आमच्याकडे सूप असंच घेतात, आणि दिवसभरात तसं बघणारी ही पहिलीच.

"हितं सैल हाय," म्हातारीनं बोट दाखवलं. "कोनी केलं?"

मुलीनं स्वतःकडे बोट केलं.

"दोन वर्सं टिकंल," म्हातारी म्हणाली. "दे. माझं फाटलंय." आणि तिनं कमरेची चंची सोडली.

मुलीचं तोंड असं फुललं, की इतक्या दिवसांत मी ते तसं बघितलं नव्हतं. मी कागद भरायला घेतला. वस्तू का घेतली? "जुनं फाटलं म्हणून." याहून चांगलं उत्तर डेन्मार्कातही मिळालं नसतं. म्हातारी कसाऱ्याच्या वरच्या अंगाची, आमच्या ओळखीची नाही, ना दूरची ना जवळची. आईच्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी होतं, पण पदर तिनं सोडला नाही. म्हातारीनं नोट मुलीच्या हातावर ठेवली. अंगठ्याला शाई लावायला मी तिचा हात धरला.

आणि मुलगी वाकून, अगदी आईच्या सुरात म्हणाली, "आजी, तुमचं म्हायार कुठलं गो?"

म्हातारीनं मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्याचं नाव सांगितलं. दिवसभर मान वर न करणाऱ्या मावशीच्या हातातला कोयता थांबला. मावशीनं तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. म्हातारीनं काहीतरी सांगितलं. मावशी उठून उभी राहिली. मावशीची आई त्याच पाड्यावरची होती, आणि ही म्हातारी त्या आईची लहानपणची, शेजारच्या खोपटातली, चुलत बहीण. मावशीची आई जाऊन वीस वर्षं झाली असतील. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझ्या आईनं पदर थुंकला आणि ती मोठ्यानं रडायला लागली.

मुलीनं नोट घडी करून म्हातारीच्या चंचीत परत ठेवली. "नात्यात पैशे नाय," ती म्हणाली.

"अगं तुझं कुठलं नातं!" मी तिच्यावर खेकसले. मराठीत खेकसले, मग इंग्रजीत खेकसले. "नातं मावशीचं आहे!"

"मावशी माझी नाय का?" तिनं विचारलं.

मी पेन टेबलावर आपटलं, ते फुटलं आणि शाई माझ्याच कुडत्यावर उडाली. परतीच्या एसटीत मी कुणाशी बोलले नाही. त्या तिघी मात्र आजीचं, पाड्याचं आणि मावशीच्या आईचं बोलत होत्या. मुलीला सगळं कळत होतं. मला निम्मं कळत नव्हतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी तिला विचारलं, का विचारलंस? तुला पास व्हायचं नव्हतं? ती म्हणाली, व्हायचं होतं, पण एवढं निरखून सूप घेणारी बाई अशीच कशी जाऊ द्यायची? कागदावर खोटं लिहूया, असं मी सुचवलं. मीच सही करणार होते, कोण बघायला येणार होतं? ती नाही म्हणाली. तिनं रकान्यात एकच ओळ लिहिली: सकाळपासून संध्याकाळपर्यंत शोधलं, अनोळखी माणूस मिळालं नाही. मी खाली सही केली. कॉलेजनं तो कागद अपूर्ण म्हणून परत पाठवला. सहा महिने गेले.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी तिचा निरोप आला. आई तेव्हा माझ्याजवळच बसली होती, म्हणून मी मराठी करून वाचून दाखवला. बुडालेलं सत्र पुन्हा करताना तिनं तिकडे एक सूप विणलं होतं. बांबू नाही मिळाला, कसल्याशा झाडाच्या बारीक फांद्यांचं विणलं. गावच्या मेळ्यात मांडलं आणि चार मिनिटांत खपलं. एक बाई आली, किंमत वाचली, पैसे दिले, कागदावर सही केली आणि गेली. अगदी अनोळखी. सत्र पूर्ण झालं, मुलगी पास झाली. मी टाळी वाजवली.

खाली आणखी एक ओळ होती. त्या बाईनं मला काहीच विचारलं नाही, असं तिनं लिहिलं होतं.

आईनं टाळी वाजवली नव्हती. "काय पन नाय? गाव पन नाय इचारलं?"

"नाही."

"आनि पोरीनं?"

"तिनंही नसेल विचारलं. तिकडे विचारत नाहीत."

आईनं माझा फोन हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाली, "मग तिनं सूप दिलं तरी कोनाला?"

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्या पोरीची फार आठवण आली. मी आईचा प्रश्न आईच्याच शब्दांत तिला पाठवून दिला. पलीकडून मराठीत दोन शब्द आले, "म्हाईत नाय."

"लाव तिला फोन," आई म्हणाली. मी लावला.